दोन्ही टोकांच्या भेगा

४ जानेवारी

चि. सौ. भावजयबाईंस,
अ. उ. आ. त्यातले थोडे माझ्या भावालाही दे, म्हणजे पत्राला उत्तर लिहायची त्याला बुद्धी होईल.

सोबतच्या लांबलचक गाठोड्यात बाबांचं धनुष्य आहे. पोस्टातल्या माणसाने विचारलं, पडद्याचा दांडा आहे का. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगितलं असतं तर त्याने अख्ख्या पोस्टाला गोळा केलं असतं.

मार्चमध्ये आमच्या मैदानावर नेहमीचा तिरंदाजांचा मेळा आहे. बाबा गेल्यापासून पहिला बाण मीच सोडते, हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी खांद्याच्या ऑपरेशनमुळे माझा मेळा चुकला आणि सेक्रेटरींनी तो मान घेतला. त्यांचा बाण कुठे गेला ते अजून कोणाला कळलेलं नाही. यंदा मी आहे. खांदा ठणठणीत आहे. धनुष्य मात्र वर्षभर माळ्यावर पडून वाळलं आणि त्याला केसाएवढ्या भेगा गेल्या आहेत. तेवढा सरस लाव, दोरा गुंडाळ आणि पाठवून दे. जास्त चिकित्सा नको. तुझा स्वभाव मी ओळखून आहे. लग्नाआधी आमच्याकडे पहिल्यांदा आलीस तेव्हा बसण्याआधी खुर्चीचे सांधे हलवून बघितले होतेस.

लोभ आहेच, तो धनुष्यासकट लवकर पाठव.

तुझी नणंद


१२ जानेवारी

ति. वन्संना,
सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घातला, कारण जमिनीवर सगळा भुसा आहे.

पडद्याचा दांडा सुखरूप पोहोचला. हे म्हणाले, ताईला सांग, सवडीने लिहितो. यांची सवड तुम्हाला ठाऊकच आहे. मामंजींनी धनुष्यं घडवायचा धंदा शिकवायला मुलाला बसवलं आणि शिकली सून, याचं यांना जराही वाईट वाटत नाही. उलट थोडक्यात सुटलो म्हणतात.

आता धनुष्याचं. मामंजी करायचे तसा आधी कापसाचा बोळा घेतला आणि मुठीपासून टोकापर्यंत अलगद फिरवला. डोळ्यांना चुकलेली फट कापसाचे तंतू बरोबर पकडते. मग खिडकीशी तिरप्या उजेडात धरून जरासं वाकवून पाहिलं. मुठीजवळ, आपल्याकडे येणाऱ्या बाजूला, म्हणजे पोटावर, लाकडाच्या रेषेबरोबर गेलेल्या बारीक भेगा आहेत. त्या वाळल्यामुळेच पडलेल्या. पातळ सरस आत मुरला की त्यांचा प्रश्न मिटला.

पण दोरी अडकवायच्या खाचांखाली दोन्ही टोकांना अगदी सारख्या भेगा आहेत, आणि त्या ताज्या आहेत. आतलं लाकूड उजळ आहे, धुळीचा कण नाही. माळ्यावर पडलेलं धनुष्य असं दोन्हीकडून जोडीने फाटत नाही. बाण न लावता ताणलेली दोरी सुटली की सगळा झटका टोकांना बसतो, त्याच्या या भेगा.

बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही, हे तुम्ही मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दरडावून सांगता. तेव्हा तुम्ही मुद्दाम हे केलं नसणार. शेजारच्या मांजरीवरही माझा संशय नाही. मग राहतं एवढंच, की ओढलेली दोरी तुम्हाला पेलली नाही. वन्सं, खांदा खरंच ठणठणीत आहे का? व्यायाम करून घेणाऱ्या बाई काय म्हणतात?

रागावलात तरी लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुमची भावजय


२० जानेवारी

चि. सौ. भावजयबाईंस,
आशीर्वाद. मोजके.

मी धनुष्य दुरुस्तीला पाठवलं होतं, स्वतःला तपासायला नव्हे. दोरी सुटली ती बोटांना तेल लागलं होतं म्हणून. घरातल्या घरात जरा ओढून बघत होते, बाण लावून काय कपाट फोडायचं होतं? व्यायामाच्या बाई फार बोलतात, म्हणून त्यांच्याकडे जाणं मी कधीच बंद केलं. आता तू बोलायला लागलीस. त्यांची उणीव भासत नाही.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवते. लाकूड खरवडून धनुष्य ओढायला हलकं करायचं तुझ्या मनात असेल तर ते तिथेच राहू दे. बाबांनी ते माझ्यासाठी जड केलं होतं. मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले होते की तुला ओढता येतंय तेवढंच ओढायचं असेल तर शिकायला आलीस कशाला. त्या लाकडाला हात लावायचा नाही.

माझ्या भावाला विचारलं म्हणून सांग. लोभ तात्पुरता तुझ्याकडेच ठेव.

तुझी नणंद


२ फेब्रुवारी

ति. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे खूप हसले. म्हणाले, ताई लहानपणी अंगात ताप असला की तो लपवायला असंच भांडण काढायची.

भेगा भरल्या. सरस आत ओढला जावा म्हणून टोकं हलकेच दाबत राहिले, आणि तो ओला असतानाच मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळला. चांगलं वाळल्यावर धनुष्य भिंतीच्या खुंट्यांवर चढवलं आणि लांब बाजूला उभी राहून कप्पीवरून दोरी हळूहळू ओढली. निम्म्यापर्यंत ठीक. त्यापुढे खालच्या टोकातून टिक असा आवाज आला. मी तिथेच थांबले आणि दोरी हळूच परत नेली.

आता थट्टा बाजूला ठेवते. हलकं केलं तर हे धनुष्य अजून बरीच वर्षं चालेल. आहे तेवढं जड ठेवलं तर कधीतरी पूर्ण ओढलेलं असताना फुटेल, आणि तेव्हा ते तुमच्या गालाशी असेल. मामंजींच्या हातचं लाकूड खरवडताना मला काय सुख होणार आहे? पण मला त्यांच्या धनुष्याआधी त्यांची मुलगी जपायची आहे. खरवडलेलं परत चिकटवता येत नाही, म्हणून तुमच्या शब्दाशिवाय मी हात लावणार नाही. जड तसंच हवं असेल तर तसंच पाठवते, दोरी काढून, भिंतीवर टांगायला.

भांडा, पण लिहा. तुमचं पत्र आलं नाही की मला करमत नाही. लोभ असावा.

तुमची भावजय


१९ फेब्रुवारी

भावजयबाई,

रागाच्या भरात दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. मग आज सकाळी वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला गेले तर हात खांद्याच्या वर जाईना. शेजारणीला हाक मारावी लागली. तिने डबा काढून दिला आणि विचारलं की खालच्या फळीवर का नाही ठेवत. तिच्यावर उगाच डाफरले. दार लावून घेतलं आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं.

मला भीती वाटते गं. बाण नाही सोडला तर त्या मैदानावर मी कोण? खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारी एक म्हातारी.

कर हलकं. पण मला सांगू नकोस किती केलंस ते.

तुझी नणंद


५ मार्च

ति. वन्संना,
सा. न. वि. वि.

धनुष्य पाठवत आहे. मामंजींच्या रीतीने काचेच्या तुकड्याने खरवडलं, तेही फक्त पोटाच्या बाजूने. पाठीवरचं त्यांचं काम जसंच्या तसं आहे. भिंतीवर ओढून पाहिलं, आता चूं करत नाही. दोरी चढवण्याआधी प्रत्येक वेळी कापूस फिरवा, आळस करू नका. बाण पूर्वीइतका लांब जाणार नाही, तेव्हा लक्ष्य जवळ आणवून घ्या. गाठोड्यावर मी ठळक अक्षरात धनुष्य असंच लिहिलं आहे. कोणीही गोळा झालं नाही.

हे नमस्कार सांगतात. म्हणजे मीच त्यांच्या वतीने सांगते. लोभ वाढावा.

तुमची भावजय


१६ मार्च

चि. सौ. भावजयबाईंस,
अ. उ. आ. या वेळी सगळेच्या सगळे तुला. भावाला काही मिळणार नाही.

मेळा झाला. लक्ष्य जवळ आणायला मीच सांगितलं. सेक्रेटरींनी माझी लाज राखायला माइकवरून जाहीर केलं की वाऱ्यामुळे ते पुढे घेतलं आहे. पानही हलत नव्हतं. मी माइक त्यांच्या हातातून घेतला आणि सांगून टाकलं की वाऱ्याचा काही दोष नाही, माझा खांदा गेला आहे. कोणीही हसलं नाही. मी मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत उभी राहिले, कोण हसतंय ते शोधत.

मग ओढलं. दोरी गालापर्यंत आली आणि तिथे थांबली. किती दिवसांनी थांबली! बाण लक्ष्याच्या कडेला लागला, मधोमध नाही, पण लागला. आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, नाक पुसत. त्यानंतर मंडळी जेवायला गेली तरी मी बाण सोडतच राहिले. शेवटी खांदा नाही, बोटं दमली.

व्यायामाच्या बाईंकडे पुन्हा जायला लागले आहे. फार बोलतात, पण बरोबर बोलतात. त्यांनी विचारलं की वर्षभराने किती जड ओढायचा बेत आहे. पूर्वीची मी असते तर लगेच फुशारकी मारली असती. मी त्यांना म्हटलं की भावजयीला विचारून सांगते.

तर विचारते. पुढच्या मेळ्यासाठी मला एक नवं धनुष्य कर. बाबांसारखं करायला जाऊ नकोस, तुझं कर. किती जड ते तू ठरव.

थोरल्या नणंदेने लोभ मागायचा नसतो, तरी मागते.

तुझी नणंद