आई, त्या गोष्टीचं मुख्य पात्र तू होतीस

प्रिय आई,

तुला जाऊन दीड वर्ष झालं. इतके दिवस कागद घेतला की रडू यायचं. आज मात्र लिहिते, कारण या आठवड्यात मला तुझ्याबद्दल असं काही कळलं, जे तू कधीच सांगितलं नाहीस!

तुला माहीत आहे, मी बोईसरच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात 'कथेचे घटक' हा भाग होता. फळ्यावर लिहिलं : पात्रं, स्थळ, काळ, संघर्ष, निवेदक. मुलांनी व्याख्या घडाघडा म्हटल्या, पण डोळे खिडकीबाहेर. मग पुस्तक मिटलं आणि बाबांची गोष्ट सांगितली. तीच, बोटीचं इंजिन बंद पडल्याची.

त्या दुपारी वारा फिरला. आपल्या नवापूरच्या सगळ्या बोटी परतल्या, बाबांची नाही. माणसं म्हणाली, "वारा पडू दे, मग जाऊ." तू म्हणालीस, "वारा पडंपर्यंत माणूस राहील काय?" आणि मोरूकाकांच्या बोटीला हात घातलास. "येताव का, का मी एकटी जाऊ?"

आपल्याकडे बायका मासे विकतात, सुकवतात; बोटीवर जात नाहीत. तू गेलीस. मी आठ वर्षांची, शेजारच्या काकीचा पदर धरून उभी होते. संध्याकाळी तुम्ही दोघांनी बाबांची बोट ओढत आणलीत.

मी मुलांना विचारलं, "निवेदक कोण?"

"तुमचे बाबा!" बरोबरच होतं. घरी ही गोष्ट नेहमी तेच सांगायचे. "इंजिन बंद पडला, पन मी घाबरलो नाय!" आणि तू बोंबील साफ करत गप्प.

तेवढ्यात पूनम उठली. तिची आई कारखान्यात पॅकिंगला जाते. मराठीत हिंदी मिसळते म्हणून पोर वर्षभर तोंड उघडत नव्हती. म्हणाली, "बाई, बाबा तर समुद्रात होते. फिर किनारे का उनको कैसे पता?"

ती थांबलीच नाही.

"और बाई, बाबांनी केलं काय? ते तर बसून होते." वर्ग हसला. पूनम हसली नाही. "निकली तो आई ना?"

फळ्यावर 'मुख्य पात्र' याखाली मी बाबांचं नाव लिहिलं होतं. ते पुसलं आणि तुझं लिहिलं. आई, इतकी वर्षं मराठी शिकवते, आणि हे मला सातवीतल्या मुलीने दाखवावं?

पण मग पुढचा प्रश्न छळू लागला. बोटीत तुझं काय झालं? मी कधीच का विचारलं नाही? आणि तू तरी! एकदा तरी बाबांना थांबवून स्वतः सांगायचंस ना!

रविवारी नवापूरला गेले. मोरूकाकांना विचारलं, बाबा शेजारीच बसले होते. काका म्हणाले, "तुजी आई बोटीत बसल्यापासून उलट्या करत होती. थरथर कापत होती. मी दोनदा बोललो, वैनी, मागं फिरू. ती बोलली, तुमी पुढं बघा."

बाबांनी समुद्राकडे बघितलं. मग म्हणाले, "मला बोटीवर घेतला तवा ती हसत होती. मला वाटलं, हिला कायच झालं नाय."

काल फोनवर ते माझ्या लेकीला गोष्ट सांगत होते. मी कान देऊन ऐकलं. पहिलंच वाक्य होतं, "तुजी आजी किनाऱ्यावर उबी होती..."

आणि पूनम आता तिच्या आईची गोष्ट लिहिते आहे. रोज येऊन विचारते, "बाई, आईला अजून काय विचारू?"

आई, तुला एक वचन देते. तुझी गोष्ट सांगताना तुला मी न घाबरणारी बाई करून टाकणार नाही. उलट्या सांगेन, थरथर सांगेन, आणि मग सांगेन की तरीही तू मागं फिरली नाहीस.

तुझी,
सुरेखा