धावड्याचा खुंट

सोनबर्डी, ता. बुलढाणा
४ फेब्रुवारी १९६८

प्रिय शेषराव,

आठ महिन्यांनी लिहितो आहे. तुझी तीन पत्रं आली, एकालाही उत्तर दिलं नाही. कारण तुला माहीत आहे. बर्डीच्या टेकडीवर जंगलखात्याची लागवड नुसती कागदावर झाली, या तक्रारअर्जावर नऊ सह्या होत्या, त्यात माझी नव्हती. त्या अर्जापायी बदली झाली ती तुझी. जूनमध्ये तू ट्रंक घेऊन देऊळगाव राजाच्या एस.टी.त चढलास तेव्हा मी पाचवीला भागाकार शिकवत होतो. खिडकीतून धुरळा दिसला. बाहेर आलो नाही.

बर्डी हिरवी आहे. तू गावाला कुऱ्हाडबंदीची शपथ घ्यायला लावलीस त्याला पाच वर्षं झाली. घरटी एक कुऱ्हाड शाळेच्या मागच्या खोलीत जमा झाली, दांड्यावर नाव कोरून. सरपंच माणिकरावांच्या घरी चार होत्या. त्यांनी एक दिली आणि हार घालून घेतला. तानाबाईकडे एकच होती, तिनं ती दिली. मोळी विकून जगणाऱ्या बाईनं कुऱ्हाड दिली याचं आपण भाषणात कौतुक केलं. त्यानंतर ती काय खाते हा विषय आपल्या जंगल समितीच्या एकाही बैठकीत निघाला नाही. ती लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागली, आणि येताना बर्डीला फेरी मारून येऊ लागली. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं. गुराखी तिला चिडवायचे, जंगलाची मालकीण आली बे, म्हणून. ती म्हणायची, मालकीण त हावच, पन पगार काऊन देत नाही मंग?

तुझ्या अर्जाची चौकशी अखेर झाली. डिसेंबरात जंगलखात्याचे साहेब आले, न कळवता. कापसाची वेचणी चालू होती, समितीचा एकही माणूस गावात नव्हता. साहेब, गार्ड, माणिकराव आणि मी असे बर्डीवर गेलो. तानाबाई तिथं आधीच होती. साहेबांनी फाईल उघडली आणि एक कागद काढला. अक्षर माझं होतं. तुला आठवत असेल, बर्डीचा लिलाव होऊ नये म्हणून आपण तालुक्याला झाडांची मोजदाद पाठवली होती. मी चार रविवार घालवले होते. चार हजार एकशे बारा झाडं, जातवार. एवढं जंगल उभं आहे, ते तोडू नका, असा आपला अर्थ. साहेब म्हणाले, तीन वर्षं इथे लागवडीवर खर्च झाला, आणि तुमच्याच गावानं लिहून दिलंय की चार हजार झाडं जगली. मग तक्रार कसली? इथं एकही रोप आलं नाही, सगळे जुन्या खुंटांचे फुटवे आहेत, हे एक वाक्य पुरेसं होतं. ते मराठी शाळेच्या मास्तराला सुचलं नाही.

तानाबाईला सुचलं. ती म्हणाली, लावलेली झाडं ओळीनं रायतात, सायेब. हे त वरातीतल्या मानसांवानी कुठंबी उभे हायेत. गार्ड हसला. साहेबही हसले. हसून झाल्यावर म्हणाले, बाई, पुरावा? ती म्हणाली, मुळापाशी उकरून पाहा. रोपाले खाली जुना खुंट नसते. साहेब घड्याळ पाहत म्हणाले, दाखवा. एवढंच. शेषराव, तो शब्द मी माझ्या कानांनी ऐकला.

ती माझ्याकडे वळली. गुरुजी, मायी कुऱ्हाड द्या. खोलीची किल्ली माझ्याजवळ असते. मी शाळेत गेलो, कुलूप काढलं, तिच्या नावाची कुऱ्हाड शोधली आणि स्वतः नेऊन तिच्या हातात दिली. पाच वर्षांनी तिनं दांडा धरला तो डाव्या हातानं. मला तेव्हाच कळलं की ती डावखुरी आहे. तिनं धावड्याचा एक फुटवा बुडातून तोडला, माती खरवडली, आणि खाली काळा पडलेला जुना खुंट निघाला. त्याच्यावरचा घाव उलट्या बाजूनं उतरत होता. ती म्हणाली, पाहा सायेब, हा घाव मायाच हातचा हाय. गावात दुसरं कोनी डाव्या हातानं तोडत नाही. बंदीच्या आंधी मीच हे झाड चोरून तोडलं व्हतं. त्याच्यावरच हे फुटलं. तुमी काय लावलं इथं?

इतका स्वच्छ पुरावा मी कधी पाहिला नाही. साहेबांनीही पाहिला नसावा, कारण त्यांनी फाईल मिटून काखेत घेतली. मग गार्डला म्हणाले, लिहा.

पंचनाम्यात असं आहे: सदर बाईनं आमच्या समक्ष सरकारी जंगलातील धावड्याचं एक झाड तोडलं. पूर्वीही याच जागी झाड तोडल्याचं कबूल केलं. कुऱ्हाड जप्त. लागवडीची तक्रार त्याच दिवशी निकाली निघाली. पंच दोन. माणिकरावांनी न वाचता सही केली. मी वाचून केली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून हात अडखळला नाही, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होतो. साहेब दाखवा म्हणाले हे त्यात नाही. कुऱ्हाड कोणी आणून दिली हेही नाही.

तानाबाई दोन रात्री बुलढाण्याच्या कोठडीत होती. समितीनं जामीन आणि वकील दिला. परवा बाजारात भेटली. बोलणार नाही असं वाटलं होतं. म्हणाली, गुरुजी, कोर्टात तुमी हायेत ना? मंग मले फिकीर नाही. पाहिलेलं तेवढं सांगा.

एकोणीस तारखेला तिचा खटला आहे आणि मी सरकार पक्षाचा साक्षीदार आहे. काल गार्ड घरी येऊन गेला. चहा घेतला. म्हणाला, फक्त सही वळखा गुरुजी, बाकी कायले बोलता? पोरीचं लग्न काढलं म्हनतात तुमी. रात्री मी पूर्ण साक्ष बायकोसमोर म्हणून पाहायला बसलो. कुऱ्हाडीपाशी आलो आणि दिवा मालवला. मी काय करीन ते मला माहीत नाही, आणि तुला मात्र नक्की माहीत आहे. म्हणून हे सगळं तारखेसह लिहून, खाली पूर्ण सही करून तुझ्याकडे पाठवतो आहे. त्या दिवशी कोर्टात येऊन बस. मी नुसती सही ओळखून पिंजऱ्यातून उतरलो, तर माझ्याकडे न पाहता उठ आणि हे पत्र तिच्या वकिलाच्या हातात दे.

तुझाच म्हणायचा हक्क सोडलेला,
इंद्रभान सखाराम वानखडे
सहायक शिक्षक, सोनबर्डी