दाताने दोरा तोडायचा नाही

बाबा,

मी शाळेला निघाले. उठवलं नाही, कारण तुम्ही ‘आता दुखत नाही गं’ म्हणून विषयच मिटवला असता. रूट कॅनल होऊन चार दिवस झालेत आणि काल शिवताना तुम्ही पुन्हा त्याच दाताने दोरा तोडलात. शर्टाच्या खिशात न घेतलेल्या पाच गोळ्याही सापडल्या. मग मीच दवाखान्यात फोन लावला, आवाज जरासुद्धा कापला नाही माझा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं थांबलं तरी गोळ्या संपवायच्या आणि कॅप बसेपर्यंत तो दात काचेचा समजायचा. आज पाचला बोलावलंय. मी सोबत येणार, तोंड वाकडं करू नका. ब्रेड सूपमध्ये भिजवून डाव्या बाजूने खा, मग गोळी.

आईनेही ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या होत्या. तेव्हा मला कळत होतं, पण मी गप्प बसले. आता बसणार नाही.

तुमच्या मशीनला नाडीने छोटी कात्री बांधली आहे. ती आईची आहे. आई गेल्यापासून तिच्या मशीनवरचं कापड कुणी उचललं नव्हतं, मी आज उचललं. कापड परत नीट घातलंय. कात्री मात्र परत ठेवू नका, वापरा.

तुमची ठमी