ताईच्या दुखण्याचे मार्क

६ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. आ. वि. वि.

गुडघा बदलून परवा घरी आले. बाकी आहे तशीच आहे, तोंडासकट. पण नवा गुडघा वाकायचं नाव घेत नाही. व्यायाम करून घ्यायला एक बाई रोज येते. गोड आहे, पण भारी हट्टी. आल्या आल्या विचारते, दुखण्याला दहापैकी किती मार्क. मी म्हणते, चार. ती खूश होऊन लिहून घेते आणि मग पाय असा दाबते की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. डॉक्टर म्हणाले, चारच दुखतंय तर वाकवत का नाही, कंटाळा करता. कंटाळा! मी! आणि पंधरवड्यात वाकला नाही तर पुन्हा भूल देऊन ते स्वतः वाकवणार म्हणे. मला तर आत्ताच घाम फुटलाय.

खालच्या शिंपीणबाईंनी त्यांच्या कंबरदुखीच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्यात. रविवारपासून घेऊन बघते. डॉक्टरांना सांगून उगाच बोलणी कोण खाणार?

लोभ आहेच, पत्र धाडून वाढव.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन वाजून वाजून दमला, म्हणून शिंपीणबाईंना केला. पुडी परत न्यायला त्या वर आल्या तेव्हा तू माझा जो उद्धार केलास, तो त्यांनी मला जसाच्या तसा कळवलाय. खुशाल रागाव. पण अगं बाई, तुझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यावर दुसऱ्याची गोळी घेतली असतीस तर पोटात रक्तस्राव होऊ शकला असता! हे तुझे डॉक्टर म्हणाले. हो, त्यांनाही फोन केला.

आणि मार्कांचंही सांगितलं. म्हटलं, या चित्रकलेच्या बाईंनी उभ्या नोकरीत कुणाला पाचाच्या वर मार्क दिलेले नाहीत. सख्ख्या भावानं काढलेल्या गाईला तीन दिले! त्यांचे चार म्हणजे आपले नऊ. डॉक्टर आधी खो खो हसले, मग म्हणाले, खरा आकडा त्यांच्या तोंडून येऊ दे, लगेच गोळी बदलतो. आम्ही चाराच्या हिशोबानं औषध देत होतो, म्हणाले.

ताई, इथे कसली गं काटकसर? मला भीती वाटते. आता तरी व्यायामवालीला खरं काय ते सांग.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा ठोंब्या

१५ फेब्रुवारी

चि. चोंबड्यास,
अ. आ. वि. वि.

चारचौघांत माझी लाज काढलीस. पण पुडीचं वाचून हातपाय गार पडले, खरंच.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यायामवालीनं मार्क विचारले. मी पाच म्हणाले. ती नुसती बघत बसली. सहा म्हणाले. तरी बसूनच. शेवटी नऊ म्हणाले आणि भोकाड पसरलं रे, लहान पोरीसारखं. मला वाटायचं, दुखतं म्हटलं की सगळे म्हणणार, म्हातारी झाली. ती तसलं काही म्हणाली नाही. तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी बदलली. आता काहीतरी खाऊन ती व्यायामाच्या आधी घ्यायची, कळ यायची वाट बघायची नाही. आणि काल गुडघा काटकोनात वाकला! व्यायामवाली टाळ्या पिटत नाचली. पुन्हा भूल द्यायचा बेत डॉक्टरांनी मोडीत काढलाय.

तेव्हा आता ये. बेल एकदाच वाजव आणि गुमान उभा राहा. वेळ लागेल, पण दार मीच उघडणार आहे.

आहे तो लोभ असाच चोंबडा राहू दे.
तुझी ताई