किल्ली म्हणजे किल्लीच

प्रिय लक्ष्मीकांत,

मध्यभारत सरकारने तुझी बदली सांवेरच्या शाळेत केली तेव्हा मी म्हणालो होतो, बरं झालं, इंदूरची पोरं सुटली! तू हसला नाहीस. इंदिरावहिनी तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या, आणि माझी जीभ सुतकसुद्धा पाळत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

परवा तुझी नवी कविता मिळाली. सोबत खुशालीची एक ओळ नाही. मी ती वाचली म्हणजे काय केलं, तर वृत्त तपासलं, एके ठिकाणी मात्रा अडखळते म्हणून तुला मनात शिवी हासडली, आणि आज मॅट्रिकच्या वर्गाला सरावासाठी फळ्यावर उतरवून दिली. कवीचं नाव न सांगता. आधी अन्वय, मग सरळ अर्थ, मग टिपा, हा आपला नेहमीचा घाणा. टिपा मीच घातल्या: दिवा म्हणजे आत्मा, विहिरीचा दोर म्हणजे संसार, शेजारणीला दिलेली किल्ली म्हणजे मोह. रस शांत. राजवाड्यापाशी परीक्षेच्या तोंडावर विकतात त्या तयार उत्तरांच्या कुंज्यांनी लाजावं अशा टिपा!

तर आमची शारदा उभी राहिली. कुठलाही अलंकार विचारा, ही उपमाच सांगते. म्हणाली, "सर, किल्ली म्हणजे किल्लीच असेल तर?" वर्ग हसला, मीही हसलो. म्हटलं, मग बाईसाहेब, करा सरळ अर्थ. तिने केला. या माणसाने दिवा मालवला, दोर गुंडाळून ठेवला, गाय शेजारी नेऊन बांधली, किल्ली देऊन टाकली. "सर, याला वापस यायचंच नाहीये." आणि लगेच, "याच्याकडे कुणी गेलं का हो?"

कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे, असं मी उभा जन्म पोरांना बजावत आलो. फळ्याकडे वळून पाहिलं, तर तुझीच विहीर, तुझीच कपिला, तुझी शेजारीण आनंदीबाई. लक्ष्या, तुझी कविता मला पहिल्यांदा कळली ती अशी.

वर्ग तसाच सोडून निघालो. सांवेरच्या बसमध्ये बसून हे खरडतोय. ड्रायव्हर भिया चहा पितोय, अजून पितोच आहे. हे पत्र टपालात पडणार नाही. तोंडाने मला टोमण्यापलीकडे काही जमत नाही, म्हणून दार उघडलंस की हेच तुझ्या हातात ठेवीन. नाहीच उघडलंस, तर किल्ली कुणाकडे आहे ते आता मला ठाऊक आहे. पण तूच उघड, लक्ष्या. याला टिपा नाहीत.

तुझ्या दाराशी येऊन पोचणारा,
तुझाच
दिनानाथ