मयुराचं डोकं दुखतं तेव्हा

नागपूर,
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रिय भागीरथाताई,

जय भीम. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. प्रेमानंदांची बुटीबोरीच्या कारखान्यात अजून पाळी बदलत असते, माझं शिवणकाम चालू आहे. चंद्रपुरात आतापासूनच ऊन तापलं असेल. शाळेत जाताना छत्री नेतेस ना?

नऊ महिन्यांत मी तुला फोन केला नाही. फोनवर मला बोलायला जमलंच नसतं, म्हणून कागद घेतला.

मयुराचं सांगायचं होतं. मागच्या मे महिन्यात तू आली होतीस, तेव्हा ती कपाळाला ओढणी बांधून आतल्या खोलीत पडदे ओढून बसायची. तू म्हणालीस, "सरिता, पोरगी खोटं नाही बोलून राहिली. डॉक्टरले दाखव." मी दाखवलं नाही. दहा वर्षांच्या पोरीचं कसलं डोकं दुखतं, बहाणे करते, असंच मला वाटायचं.

जुलैत चाचणीच्या दिवशी ती म्हणाली, "आई, खूप दुखून राहिलं वं." "नाटकं बंद कर," म्हणत मी तिला हाताला धरून शाळेत नेलं. तासाभरात तिच्या बाईंचा फोन आला. गेले तर पोर नळाखाली उलटीने भरलेली ओढणी स्वतःच धूत होती. मला पाहून म्हणाली, "सॉरी आई."

त्याच दिवशी तिला धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी सगळं तपासलं, अर्धा तास प्रश्न विचारले. म्हणाल्या, "मेंदूत काळजीचं काही नाही. अर्धशिशी आहे. दुखणं मात्र खरं आहे."

मयुराने मान वर केली. "म्हणजे मी खोटी नाही न?"

तिने हे मला नाही, डॉक्टरांना विचारलं, ताई.

झोप आणि जेवण वेळेवर, पाणी भरपूर, दुखायला लागलं की सुरुवातीलाच गोळी. शिवाय तिथे समुपदेशन करणाऱ्या प्रीती मॅडमनी रोज दहा मिनिटं शांत बसायला शिकवलं. श्वास येतो-जातो तो पाहायचा. डोकं दुखत असेल तर नेमकं कुठे, ठणकतं की जड वाटतं, तेही नुसतं पाहायचं. त्याच्याशी भांडायचं नाही. "आणि आईनेही सोबत बसायचं," त्या म्हणाल्या.

पहिला महिना काहीच फरक नव्हता. मला तर दोन मिनिटंही बसवेना. एकदा मयुरा एक डोळा उघडून म्हणाली, "आई, तू मनात भाजी चिरून राहिली!" दोघी पोट धरून हसलो. किती दिवसांनी.

आठवड्यातून चारदा दुखायचं, ते आता महिन्यातून तीनदा-चारदा दुखतं. पुरतं गेलेलं नाही. पण परवा वर्गात सुरू झालं, तर तिने स्वतः बाईंना सांगितलं, गोळी घेतली, मागच्या बाकावर डोळे मिटून बसली आणि नंतर पेपर लिहिला. घरी येऊन म्हणाली, "दुखत होतं, पण मले भेव नाही वाटलं."

माझं मात्र वेगळंच होतं. डोळे मिटले की एकच वाक्य येतं. प्रीती मॅडम म्हणतात, विचार आला तर येऊ द्या, जाईल. हे जात नाही.

मे महिन्यातल्या त्या दिवशी तू मयुराची बाजू घेतलीस आणि मी म्हणाले, "तुले काय समजते? तुले लेकरू आहे का?"

तू पिशवी भरलीस आणि दुपारच्या बसने गेलीस. दोन्ही वेळा दवाखान्यातून तू रिकाम्या हातांनी घरी आलीस, तेव्हा तुझ्या शेजारी रिक्षात मीच बसले होते. सगळं ठाऊक असून मी ते बोलले. रागात चुकून गेलं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तुला लागावं म्हणूनच बोलले.

मयुराची परीक्षा संपली की तिला तुझ्याकडे यायचं आहे. तिनेच विचारलं. घेऊन मी येईन. घरात पाऊल टाकायचं की बसस्टँडवरूनच परतायचं, ते तू ठरव. जे सांगशील ते करीन.

तुझ्या हाताने जेवून मोठी झालेली आणि तुलाच तसं बोललेली,
सरिता