डॅशबोर्डवरचा लाल दिवा

लिहून ठेवणारी मी, वय त्रेसष्ट पूर्ण, धंदा गाड्यांचे मीटर दुरुस्त करणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. येत्या सोमवारी सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. घाबरण्यासारखं काही नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता कागदाकडे बघितलं. म्हणून आज मंगळवारी हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावला की नजर ठीक आहे, हात कापत नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि गोड बोलून भुलवलेलंही नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. वकीलबाईंनी एक मसुदा टाइप करून दिला होता. त्यात चूक काही नव्हती, पण तो कोणाही बाईचा असू शकला असता. म्हणून हा माझ्या हाताने लिहीत आहे. याची अंमलबजावणी वकीलबाईंनीच करावी.

कलम १. दुकान आणि वरच्या दोन्ही खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला द्याव्यात. तिला विकायच्या असतील तर खुशाल विकाव्यात, मी भिंतींत जीव ठेवून जाणार नाही. मोरीतला नळ घट्ट पिळू नये. त्याचा आटा गेला आहे, तो फक्त टेकवायचा.

कलम २. बँकेत जे असेल ते आणि अंगावरचं सोनं मुलीचंच.

कलम ३. हत्यारं. काटा उपटायची चिमटी, सोल्डरिंग आयर्न, डोळ्याला लावायचं भिंग, दाबाचे मीटर तपासायचा हातपंप आणि आकडे रंगवायचे अकरा कुंचले, हे सर्व तंत्रशाळेतल्या मास्तरीणबाईंना द्यावं. दर सुट्टीत त्या माझ्याकडे येऊन तासन् तास बसतात आणि फुकट चहा पितात. आजवर त्यांनी मला न विचारता एकाही वस्तूला हात लावलेला नाही. हत्यारं देण्याइतकी ओळख मला यावरून पटते.

कलम ४. कोपऱ्यावरचा सुट्या भागांचा व्यापारी. मी दुकान चालवायला घेतलं त्या वर्षी हा गृहस्थ गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाईनं लावलेला काटा खरं थोडंच दाखवणार?" पुढे त्याच्याच ट्रकचे मीटर माझ्याकडे येऊ लागले, तरी तो शब्द त्याने कधी मागे घेतला नाही. माझ्या कपाटात पेट्रोलचा एक मीटर आहे, त्याचा काटा टाकी रिकामी असली तरी 'भरली'वरच असतो. तो त्याला माझी आठवण म्हणून द्यावा.

कलम ५. गाडी. सासऱ्यांनी घेतलेली गडद हिरवी, चार दारांची जुनी गाडी आज माझ्या नावावर आहे आणि अजून चालते. ती मी माझ्या धाकट्या दिराला देते. मुलीला हे वाचून धक्का बसेल. तिचा काका एकोणीस वर्षांत आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही, आणि का आलेला नाही हे आपल्याला माहीत आहे असं ती समजते. तिने पुढचं कलम वाचल्याशिवाय वाद घालू नये.

त्याआधी गाडीची माहिती. तिच्या मूळ डॅशबोर्डवर वेगाचा मीटर, पेट्रोलचा काटा आणि बॅटरीचा एक दिवा, इतकंच होतं. माझे यजमान मीटर दुरुस्त करणारे. ते म्हणायचे, "या गाडीत इंजिन आजारी होतं हे ते मेल्यावर कळतं." म्हणून त्यांनी मूळ पत्र्याला एकही भोक न पाडता डॅशबोर्डच्या खाली एक वेगळी पट्टी बसवली. तिच्यावर तीन मीटर लावले: तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि करंट. त्यांचे आकडे मी रंगवले, कारण मीटरच्या कामातलं मला तेव्हा तेवढंच येत होतं. पट्टीच्या टोकाला लाल दिवा लावला, तो ब्रेक ऑईलचा. ऑईलची पातळी खाली गेली की तो पेटतो. पण दिवाच मेला असेल तर कसं कळणार? त्यासाठी यांनी अशी जोडणी केली की किल्ली फिरवली की दिवा आधी तीन सेकंद लागतो आणि मग विझतो. ज्याच्या हाती गाडी जाईल त्याने ते तीन सेकंद मोजावेत. दिवा लागला नाही तर गाडी जागेवरून हलवू नये.

कलम ६. हे कलम देण्याघेण्याचं नाही. तरीही ते मृत्युपत्राचा भाग समजावं.

एकोणीस वर्षांपूर्वी डोंगरावरच्या गावी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. आम्ही चौघं गेलो: हे, मी, अकरा वर्षांची मुलगी आणि गाडी चालवायला भावोजी. वडिलांच्या गाडीवर भावोजींचा फार जीव. ती पट्टी त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होती. "दादा, तू आपल्या गाडीला दवाखान्यातल्या पेशंटसारख्या नळ्या लावल्यास," असं ते चारचौघांत म्हणायचे. प्रदर्शनात परीक्षक मूळपणाचे गुण देणार, म्हणून त्या सकाळी त्यांनी यांना न विचारता पट्टी काढून डिकीत ठेवली. त्यावरून दोघा भावांत दिवसभर जुंपली. बक्षीस मिळालंच नाही. परतताना हे म्हणाले, "पट्टी लागल्याशिवाय मी उतारावर पोरीला या गाडीत बसवणार नाही." भावोजी निमूटपणे डॅशबोर्डखाली वाकले आणि अर्ध्या तासात पट्टी लावून मोकळे झाले. तोवर दोघांचा राग निवला होता. हे मागे डिकीत सामान लावत होते. भावोजींनी किल्ली फिरवली. मागच्या सीटवर मी मधोमध बसले होते.

हे मागून म्हणाले, "लाल दिवा लागला का रे?"

भावोजी म्हणाले, "लागला."

दिवा लागला नव्हता. मी पाहिलं. आरशात भावोजींची नजर माझ्या नजरेला भिडली आणि तिथेच थांबली. मी काही तरी बोलेन याची ते वाट बघत होते, की मी गप्प बसावं म्हणून विनवत होते, ते मला आजही ठरवता येत नाही. मला वाटलं, आत्ताच कुठे भांडण मिटलंय, खाली पोचल्यावर सांगू. डिकी बंद झाली, हे पुढे येऊन बसले, आम्ही निघालो.

पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला भावोजींनी ब्रेक दाबला आणि त्यांचा गुडघा एकदम सरळ झाला. पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा. पेडल पत्र्याला टेकल्याचा आवाज मला मागे ऐकू आला. हे म्हणाले, "गिअर टाक, खालचा गिअर टाक." गिअर पडेना. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी पोरीचं डोकं मांडीवर दाबून धरलं. मग भावोजींनी गाडी डोंगरावर घातली. त्यांनी तसं केलं नसतं तर हा कागद लिहायला मी नसते.

मुलीला खरचटलंसुद्धा नाही. हे डावखुरे. त्यांचा डावा हात दार आणि कातळ यांच्यामध्ये सापडला. तीन बोटं गेली.

मेकॅनिकने गाडी उघडली तेव्हा ब्रेकची नळी झिजून फुटलेली निघाली आणि लाल दिव्याची वायर न जोडलेली. यांनी दवाखान्यात मला विचारलं, "तू मधेच बसली होतीस. दिवा दिसला होता का?" मी म्हणाले, "मी पोरीची वेणी घालत होते, माझं लक्ष नव्हतं."

त्या दिवसानंतर यांनी सख्ख्या भावाचं तोंड पाहिलं नाही. भावोजींनी एक चकार शब्द काढला नाही. "वहिनींनीही पाहिलं होतं," एवढं म्हणाले असते तर माझा संसार तिथेच मोडला असता. ते म्हणाले नाहीत. आणि मी साऱ्या नात्यागोत्यात त्यांच्या नावाने बोटं मोडत राहिले.

धंदा बुडू नये म्हणून मी हत्यारं हातात घेतली. हे स्टुलावर बसून तोंडाने शिकवायचे. "श्वास सोड, मग काटा बसव." "जोर लावू नकोस, तो काटा आहे, खिळा नाही." पहिल्या महिन्यात मी सात काटे मोडले, हे एकदाही रागावले नाहीत. फक्त एक वाक्य कायम तोंडी असायचं: "खोटं दाखवणाऱ्या मीटरपेक्षा बंद पडलेला बरा." ते ऐकताना प्रत्येक वेळी माझ्या हातातली चिमटी थांबायची. ते बघायचे, पण विचारायचे नाहीत. चार वर्षांपूर्वी ते गेले. मी सांगितलं नाही ते नाहीच.

कलम ७. हे गुरुवारी लिहीत आहे. मधल्या दिवशी, बुधवारी, मी भावोजींकडे गेले होते. माझ्यामागे कागद वाचला जाईल आणि त्यांना गाडी मिळेल, हे माझं मलाच सोपं वाटू लागलं होतं. तिसरा मजला, जिना चढताना दोनदा बसावं लागलं. त्यांनी दार उघडलं, पण ते दारातून बाजूला झाले नाहीत. केस पार पांढरे झालेत.

मी म्हणाले, "भावोजी, मी दिवा पाहिला होता."

"मला माहीत आहे, वहिनी."

"मी कागदावर लिहिलंय. गाडीही तुमच्या नावाने लिहिली आहे."

"गाडी देऊन सुटताय?" आवाज चढला नव्हता. "दादा गेला तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. वर यायची हिंमत झाली नाही. ते कशाने भरून देणार?"

त्यांनी मला धाप लागलेली पाहिली आणि आतून खुर्ची आणून जिन्यातच ठेवली. मी बसले.

मग ते म्हणाले, "पोरीला सांगितलंत?"

"कागदात वाचेलच की."

"तुम्ही नसताना? मग तिनं भांडायचं कुणाशी?"

उठताना मी म्हणाले, "शुक्रवारी चार वाजता सह्या आहेत."

कलम ८. आज शुक्रवार. दुपारी तीनला मी मुलीला दुकानात बोलावून हा कागद तिच्या हातात दिला. ती गल्ल्यापाशी उभी राहून वाचत होती. कलम सहा तिने वाचलं, पान मागे उलटून पुन्हा वाचलं. मी समोरच्या मीटरकडे बघत बसले. छातीत धडधड होत होती, आणि ती झडपेची नव्हती.

ती म्हणाली, "आई, माझी वेणी कुठून आली? उवा झाल्या म्हणून त्या महिन्यात तूच माझे केस कानापर्यंत कापले होतेस."

माझ्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी ते खोटं जपलं, आणि त्याला बूडच नव्हतं.

"बाबांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात. आई तुझी वेणी घालत होती का म्हणून. मी म्हटलं, वेणी आहे कुठे माझी? ते बरं म्हणाले. हे आईला विचारू नकोस म्हणाले."

म्हणजे यांना ठाऊक होतं. स्टुलावर बसून मला काटा कसा बसवायचा हे शिकवत होते त्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आम्हा दोघांवरचा राग त्यांनी एकट्या भावावर काढला आणि पंधरा वर्षं माझ्या हातचं जेवत राहिले. ही त्यांची माया होती की शिक्षा, हे मला विचारता येणार नाही. मी त्यांना खरं सांगितलं नाही, त्यांनी मला.

मी मुलीला म्हणाले, "तुला काय बोलायचं ते आत्ता बोल."

ती म्हणाली, "काकानं माझ्या दहावीला पेन पाठवलं होतं. तू ते परत पाठवायला लावलंस." एवढंच बोलली आणि रडली. मी जवळ गेले तर तिने हात झटकला. थोड्या वेळाने स्वतःच माझ्या खांद्याला डोकं लावलं. माफ केलं असं ती म्हणालेली नाही, आणि मी इथे तसं लिहीत नाही.

पावणेचारला भावोजी आले. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष घालू नये असं वकीलबाईंनी बजावलं आहे, म्हणून ते साक्षीदार नाहीत. उंबऱ्याशी थांबले होते. मुलगी म्हणाली, "काका, आत या." ते आत आले आणि कलम सहा उभ्यानेच वाचलं. मग म्हणाले, "वहिनी, यात एक वाक्य घाला." त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत लिहीत आहे:

"वायर जोडायची मी विसरलो नव्हतो. तो दिवा मला गाडीत नको होता, म्हणून जोडली नाही."

ते सांगताना ते मुलीकडे बघत होते. तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. पाणी पिऊन त्यांनी तिला विचारलं, "सोमवारी आईला घेऊन किती वाजता निघायचं?"

ती म्हणाली, "सहाला."

"मी साडेपाचला येतो. गाडी मला आधी बघावी लागेल."

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, तो मला मान्य आहे. कलम पाच आहे तसंच राहील. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

स्थळ: मीटर दुरुस्तीचं दुकान, गल्ल्याजवळचं टेबल
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं

लिहून ठेवणारीची सही: (सही) मीटरवाली

साक्षीदार पहिले: (सही) शेजारचे टायरवाले. बावीस वर्षांची ओळख.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) आमच्या घरच्या डॉक्टरीणबाई. लिहून ठेवणारी शुद्धीवर आणि सावध असल्याचं मी तपासलं आहे. नाडी थोडी जलद आहे.